राहून गेलेला रुसवा

आमच्या लग्नात मी रुसलो नाही. वऱ्हाडात त्या काळी नवरदेवाने एकदा तरी रुसावे असा रिवाज होता. अक्षता पडल्या, पंगत बसली, की नवरदेव ताटावरून हात मागे घेई. मुलीकडची माणसे धावत येत, जुनी मंडळी मध्ये पडत, घड्याळ, सायकल किंवा अंगठी कबूल होई आणि मग नवरदेव पहिला घास घेई. मी अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. असे काही मागणे मला कमीपणाचे वाटले. वाढलेले सगळे मुकाट्याने जेवलो आणि उठलो. सासरच्या मंडळींना याचे कौतुक वाटले असेल, अशी माझी समजूत होती. त्यांची समजूत वेगळी होती. जावयाचा रुसवा व्हायचा राहून गेला आहे आणि तो कधीतरी होईल, असे ते धरून चालले होते. मला हे पुढे धोंड्याच्या महिन्यात कळले.

मधल्या काळात माझे पोट बिघडले होते. कारणे साधी होती. कामाची वेळ उलटी होती. छापखान्यासमोरच्या हॉटेलातला चहा पहाटेपर्यंत उकळत असे आणि त्याच्यासोबत मिरचीची भजी येत. जेवण कधी दुपारी तीनला, कधी मुळीच नाही. आधी जळजळ सुरू झाली, मग कळा. त्यावर मी स्वतःच उपचार सुरू केले. आमच्या रविवारच्या अंकात आरोग्याचे एक सदर होते. बाहेरून आलेल्या अंकांतला मजकूर कापून ते मीच भरत असे, त्यामुळे येत्या आठवड्यात काय खायचे ते मला वाचकांच्या आधी कळे. एका आठवड्यात मी फक्त भिजवलेले मूग खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात मीठ सोडले. त्यानंतर केवळ दूध, त्यानंतर कडुलिंबाचा रस, त्यानंतर शीर्षासन. एका सकाळी मुद्रिते तपासताना मी त्यांच्यावरच आडवा झालो, आणि शुद्धीवर आल्यावर उलटीत रक्त पडले.

डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली.

"हे सदर कोण लिहितं?" त्यांनी विचारले.

"मीच."

"मग आधी ते वाचणं बंद करा."

त्यांचे नियम अगदी रुक्ष होते. वेळेवर जेवा. सगळे खा, पण थोडे खा. भूक थोडी शिल्लक असताना उठा. तेल-तिखट हात राखून. सकाळी चाला. झोपेच्या वेळी झोपा. उपास नको आणि मेजवानीही नको. पुन्हा रक्त पडले तर नागपूरला नेऊन पोट उघडावे लागेल, हे त्यांनी बोलण्याच्या ओघात, पावसाची शक्यता सांगावी तसे सांगितले. मी दिवसपाळी मागून घेतली. पत्नी माझ्या ताटावर नजर ठेवू लागली. पावसाळा लागेपर्यंत कळा थांबल्या होत्या. छापण्यासारखे त्यात काही नव्हते. सदर मात्र चालूच राहिले, कारण वाचकांना ते आवडत होते.

त्या वर्षी अधिक मास भाद्रपदात आला. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. सासऱ्यांचा निरोप आला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते आणि सासुरवाडी त्याच्याही पलीकडे, रिसोडच्या वाटेवर होती. निघण्याआधी पत्नीने एक अट घातली.

"माह्या घरी दुखन्याचं नाव काहाडाचं नाई."

"का?"

"धाकटीचं ठरून राह्यलं. 'मोठी दुखनेकऱ्याले देली' असं गावात झालं, तं तिचं मोडन. अन् आईचा डोळा लागनार नाई, ते निराळंच."

मी कबूल केले. म्हणजे मला पोट सांभाळायचे होते, पण का सांभाळतो आहे ते सांगायचे नव्हते. कागदावर ही गोष्ट सोपी दिसत होती.

वाशीमला मोटार बदलून आम्ही फाट्यावर उतरलो. पत्नीचा भाऊ बैलगाडी घेऊन उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"भाऊजी, लय वाळले तुमी. अकोल्यात भाकर भेटत नाई का?"

"काम फार असतं."

"बसून करता ना काम? आमी तं नांगर धरून बी असे दिसत नाई."

दिवेलागणीला ताटे मांडली. भाकरी, वरण, तेलाचा तवंग आलेले वांगे, तळलेल्या मिरच्या आणि ठेचा. उद्याची मोठी पंगत वेगळी. हे नुसते आल्या दिवसाचे जेवण होते. मी वरणात अर्धी भाकरी कुस्करून खाल्ली, थोडे ताक घेतले. मेहुणा वांग्याची भाजी घेऊन आला तेव्हा ताटावर आडवा हात धरला. तो पुन्हा आला. मी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि ताटाकडे पाहत बसलो.

आतल्या दाराआड सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या काळात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. त्यांचे असणे बांगड्यांवरून कळे. त्या बांगड्या थांबल्या. सासऱ्यांनी घास खाली ठेवला.

"काही चुकलं का आमचं?"

"नाही, मामाजी. काही नाही."

रुसलेला प्रत्येक नवरदेव हेच उत्तर देतो, याची मला कल्पना नव्हती. मेहुण्याने भाजीचे पातेले खाली ठेवले आणि बापाकडे पाहिले. त्या पाहण्यात काळजी होती, पण माझी नजर चुकत नसेल तर थोडे समाधानही होते. बरेच दिवस अडलेली गोष्ट अखेर मार्गी लागत होती.

सकाळी मी नियमाप्रमाणे फिरायला निघालो. काळ्या मातीचा चिखल इतका होता की चपला हातात घ्याव्या लागल्या. चालण्यासारखी एकच वाट होती, फाट्याकडे जाणारी. वेशीवर एका म्हाताऱ्याने विचारले, "जवाईबापू, कोठी चालले?"

"कुठंच नाही."

म्हातारा लगबगीने गावात गेला. मी शेतांच्या कडेने चालत राहिलो. कपाशीला फुले लागली होती. थोड्या वेळाने मागून घुंगरांचा आवाज आला. मेहुणा उभ्याने बैल हाकत येत होता. त्याने गाडी माझ्यापुढे आडवी घातली.

"बसा भाऊजी."

"अरे, मी सहज चालतोय."

"सहज कोनी चिखलात चपला हातात घेऊन फाट्यावर जाते का? हा मोटारीचा टाइम हाय."

"मला मोटारीनं जायचंच नाही. माझी पिशवीसुद्धा घरी आहे."

"रागात पिशवीची कोनाले याद राह्यते?" तो खाली उतरला. "तुमी बसल्याबिगर मी बैल वळवत नाई. मले बाबानं सांगतलं, हात जोड, पाय धर, पन घेऊन ये. आता पाय धरू का?"

पायाला चिखल होता. मी बसलो. रुसलेल्या जावयाला गाडीतून परत आणण्याचीही रीत होती, हेही मला ठाऊक नव्हते. गाव दारादारांत उभे राहून पाहत होते. एका बाईने दुसरीला मोठ्याने सांगितले, "आनला वो, आनला." माझ्या प्रकृतीसाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्या दिवशी बैलांनी केला.

घरी ओसरीवर चुलत सासरे येऊन बसले होते. जाडजूड गृहस्थ, पांढरा पटका, आणि धोतराच्या सोग्याला एक लहानशी गाठ. त्या गाठीत खायचा सोडा असे. पंगतींचे आमंत्रण त्यांना वारंवार येई आणि सोड्याशिवाय त्यांचे जेवण पुरे होत नसे. आसपासच्या गावांतले जावयांचे रुसवे काढण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतले. सासरे खांबाला टेकून उभे राहिले.

"हं. बोला."

"काय बोलू, काका?"

"माह्यापासी लपवू नका. इकडचे अर्धे रुसवे म्याच काहाडले."

"मी रुसलेलो नाही."

"पयल्या दिवसी कोनीच रुसलेलं नसते. घड्याळ?"

मी मनगटावरचे घड्याळ दाखवले.

"मंग सायकल."

"सायकलही आहे."

"दोन असल्या तं काय बिघडते? एक पंचर होते."

"नको."

ते सासऱ्यांकडे वळले. "सायकलीवर भागत नाई." मग पुन्हा माझ्याकडे. "म्हैस? दुभती हाय. तुमाले दुधाची गरज दिसते."

"छापखान्यात म्हैस कुठं बांधू, काका?"

"हासले!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "हासले म्हन्जे आपन जवळ आलो."

मी ठरवून, स्पष्ट शब्दांत सांगितले की मला काहीही नको आहे. धंद्यामुळे अंगात भिनलेली सवय होती. शंका राहू नये असे वाक्य करायचे. चुलत सासऱ्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी सासऱ्यांना बाजूला नेले, पण त्यांचे बाजूला बोलणेही ओसरीभर ऐकू येई.

"काहीच नको म्हनून राह्यला. हे वाईट हाय. मागं एक असाच जवाई होता. काहीच नको, काहीच नको करत करत बैलजोडी घेऊन गेला."

 सासऱ्यांनी गोठ्याकडे पाहिले. मला गाडीतून आणणारे बैल तिथे वैरण खात होते. सासऱ्यांच्या शेताचा सगळा भार त्यांच्यावर होता.

पत्नीने मला गोठ्यामागे गाठले.

"तुमी काय करून ठेवलं हे? बाबा बैलाइकडं पाहून राह्यले!"

"मी काही मागितलं नाही."

"तेच तं! मांगत नाई म्हनूनच सारे भेले. दुपारी पंगत हाय, सारी भाऊबंदकी येनार. जवायानं घास घेतल्याबिगर कोनी हात लावत नाई."

"मग खरं सांगून टाकू?"

"नाई."

"मग वाढतील ते सगळं जेवतो."

"अन् रगत पडलं तं? ह्या चिखलातून तुमाले अकोल्याले कोन नेईन?" तिने स्वयंपाकघराकडे पाहिले. स्वयंपाकघरातून पुरणाचा, वेलदोड्याचा वास येत होता. मग तिने पदर खोचला, तेव्हा तिचे काहीतरी ठरले होते. "आता रुसलेच हा, तं धड रुसा."

"म्हणजे?"

"मांगा. पंगतीत मांगतलं अन् कबूल झालं, का मंग ते कोनाले मोडता येत नाई. सायकल मांगता येते, तं कमी जेवन कायले मांगता येनार नाई?"

मी तिच्याकडे पाहिले. वर्तमानपत्रात इतकी वर्षे काढून मला हे सुचले नव्हते. मी लगेच वाक्य जुळवू लागलो: माझ्या ताटात मी मागेन तेवढेच वाढावे. तिने मान हलवली.

"अन् तुमी सोताच मांगाल त्याचं काय? पुरन पाह्यलं का तुमचा हात कसा पुढं होते, ते मले मालूम हाय. एकदाच वाढाचं, असं म्हना. मांगतलं तरी दुसऱ्यांदा नाई, असं म्हना."

मसुद्यातली ही दुरुस्ती मी स्वीकारली.

दुपारी ओसरी भरून पंगत बसली. बाहेर भुरभुर पाऊस होता. पानावर धोंडे आले: कणकेत पुरण भरून तळलेले, मुठीएवढे गोळे, आणि शेजारी तुपाची काठोकाठ वाटी. भजी, कुरडया, कढी, भात. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि डोळे माझ्यावर. एक लहान मूल रडू लागले, त्याच्या आईने त्याला सांगितले, "थांब बाप्पा, जवाई अजून सुटला नाई."

चुलत सासरे उभे राहिले. "बोला जवाईबापू. चार लोकात बोला."

सासरे गोठ्याच्या बाजूला पाठ करून बसले होते.

"माझी एक मागणी आहे," मी म्हणालो. "या घरात माझ्या ताटात एकदाच वाढायचं. एक धोंडा, पळीभर तूप, बाकी थोडं थोडं. दुसऱ्यांदा कोणी काही वाढायचं नाही. आग्रह करायचा नाही. मी मागितलं तरी द्यायचं नाही. आज आणि पुढेही."

चुलत सासऱ्यांनी कान पुढे केला.

"अन्?" चुलत सासऱ्यांनी विचारले.

"एवढंच."

"सायकल?"

"नाही."

"म्हैस बी नाई?"

"नाही."

ते मटकन खाली बसले. "असा रुसवा म्या जन्मात पाह्यला नाई."

"कबूल!" सासरे ओरडले. इतक्या घाईने कबूल झालेला रुसवाही त्या गावाने पाहिला नसावा. ते लगेच उठले आणि त्यांनी स्वतः माझ्या पानावरून जादा धोंडे आणि तुपाची वाटी उचलली. मी पहिला घास घेतला. पंगत एकदम सुरू झाली, आणि मग कुणालाच माझ्याकडे पाहायला वेळ नव्हता.

एक धोंडा खायला मी बराच वेळ लावला. डॉक्टरांनी चावून खायला सांगितले होते. शिवाय दुसरा मिळणार नव्हता. शेजारी चुलत सासऱ्यांच्या पानावर वाढणे चालूच होते. मेहुणा पुन्हा ताट घेऊन आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पानावर धरले.

"बस, बस. मले बी जवायाचा कायदा लावा."

"काका, तुमी काय जवाई हा का?"

"कोनाचा तं असंनच ना रे!"

मेहुण्याने त्यांच्या हातांच्या फटीतून धोंडा पानावर सोडला आणि वर तूप ओतले. त्यांनी तो खाल्ला. हात धुतल्यावर त्यांची बोटे सोग्याच्या गाठीकडे गेली. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून ताक पीत होतो. पोटात काहीही होत नव्हते. इतका आनंद मला पूर्वी कुठल्याही मेजवानीत झाला नव्हता.

अकोल्याला परतल्यावर डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि सासुरवाडीत पथ्य कसे निभावले ते विचारले. मी सांगितले की रुसून. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे.

पुढचा धोंड्याचा महिना श्रावणात आला. तोपर्यंत आमचा भाग मुंबई राज्यात गेला होता, धाकटीचे लग्न होऊन गेले होते, आणि तिच्या नवऱ्याने रीतीप्रमाणे रुसून सायकल नेली होती. माझे पोट चांगले होते. चालणे, वेळेवर जेवणे, झोपणे यांत आता नियम पाळल्यासारखे काही वाटत नसे. डॉक्टरांनी सणासुदीला दोन घास अधिक खायला परवानगी दिली होती.

पंगत त्याच ओसरीवर बसली. माझ्या पानावर एक धोंडा, पळीभर तूप. त्या वर्षी पुरण विशेष जमले होते. गूळ चांगला होता आणि जायफळ बेताचे. माझा धोंडा संपला. मेहुणा ताट घेऊन आला, धाकट्या साडूच्या पानावर दोन वाढले आणि माझ्यापुढून तसाच निघाला.

"अरे, इकडं एक," मी म्हणालो.

"नाई भाऊजी. कायदा हाय."

"तो मीच केला होता. मी तो परत घेतो."

चुलत सासरे पलीकडून बोलले. आता त्यांचा पटका सैल झाला होता, पण अधिकार तसाच होता. "पंगतीत कबूल झालेला रुसवा परत घेता येत नाई. साडूभाऊची सायकल आमी परत मांगतली का?"

साडू धोंडा तोंडात असल्यामुळे नुसतेच मान हलवून नाही म्हणाला. मी पत्नीकडे पाहिले. ती कढीचे पातेले घेऊन उभी होती आणि कढीकडे पाहत होती.

तेवढ्यात दाराआडच्या बांगड्या वाजल्या.

"विचार वो त्याईले," सासूबाई लेकीला म्हणाल्या, पण सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आता पोट बरं हाय का?"

पत्नी चमकली. मी सांगितले नाही, असे तिने मला डोळ्यांनी कळवले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी दाराकडे वळून विचारले. त्यांच्याशी थेट बोललेले माझे ते पहिले वाक्य.

"रुसलेला मानूस ताटाकडं पाहत नाई," दाराआडून उत्तर आले. "तुमी तं त्या दिवसी ताटावरची नजर काहाडत नव्हते. लेकीनं सांगतलं नाई, म्हनून म्या इचारलं नाई. बरं हाय न आता?"

"बरं आहे."

"त्याच कायद्यानं बरं झालं न?"

"हो."

"मंग?"

 मेहुणा माझ्यापुढे अजून ताट धरून उभा होता. धोंड्यांवरून तूप हळूहळू खाली उतरत होते.

"त्याईले ताक दे रे," सासूबाई म्हणाल्या. "ताक कायद्यात धरलं नव्हतं."